हाकेला ओ देणारी मंडळी

शिकागोच्या दक्षिण भागातल्या एका लहानशा चर्चमध्ये मी पहिल्यांदा गेले तो फेब्रुवारीतला रविवार होता. रस्त्यावर बर्फाचे ढीग, आत ओल्या कोटांचा वास. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका बाईंनी आग्रहाने नेलं होतं. दाराशी पांढरे हातमोजे घातलेल्या एका आजींनी माझ्या हातात पुठ्ठ्याचा पंखा ठेवला. एका बाजूला येशूचं चित्र, दुसऱ्या बाजूला अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या दुकानाची जाहिरात. एवढ्या थंडीत पंखा कशाला, ते मला तासाभराने कळलं.

त्या दिवशी सत्तरी गाठलेले एक गृहस्थ गायला उभे राहिले. आयुष्यभर शहरातली बस चालवलेली, आता निवृत्त. आवाज बेताचा, वर गेला की चिरकणारा. पहिलं कडवं नीट पार पडलं. दुसऱ्याच्या तोंडाशी ते थांबले. शब्द आठवेनात. मी अवघडून मान खाली घातली. आपल्याकडे कार्यक्रमात गायक असा अडला की अख्ख्या सभागृहाला घाम फुटतो. इथे ऑर्गनवर बसलेल्या मुलाने तोच सूर नुसता धरून ठेवला. उजवीकडून कुणीतरी म्हणालं, "सावकाश, भाऊ, सावकाश." डावीकडून आलं, "देवा, हात दे त्यांना." मग माझ्या शेजारच्या बाईंनी बसल्या जागेवरून तो हरवलेला शब्द गाऊन दिला. गृहस्थांनी तो झेलला आणि डोळे मिटून तीच एक ओळ आठ-दहा वेळा म्हटली, दर वेळी थोडी वर चढवून. टाळ्या सुरू झाल्या, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. डफली निघाली. पुढच्या रांगेत एक बाई उभी राहून रडू लागली आणि दोघीजणी तिच्या दोन्ही बाजूंना जाऊन पंख्याने वारा घालू लागल्या. राहिलेलं कडवं कुणी म्हटलंच नाही, आणि ते राहिलं असं कुणाला वाटलंही नाही.

बाहेर पडताना मला नेणाऱ्या बाईंनी विचारलं, "तू अशी गप्प का होतीस?" मी म्हटलं, ऐकत होते. त्या म्हणाल्या, "ऐकायला घरी रेकॉर्ड आहेत की. इथे ओ द्यायची असते."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी ख्रिस्ती नाही, व्हायचा विचारही नाही. पण गॉस्पेल संगीत, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चांमधलं हे गाणं, जपायचं म्हणजे नेमकं काय जपायचं, असा वाद इथे निघतो तेव्हा मला त्या बाईंचं वाक्य आठवतं. हा वाद आज खरोखर चालू आहे. जुन्या तबकड्या गोळा होत आहेत, संग्रहालयाच्या योजना आखल्या जात आहेत, मोठ्या सभागृहांत तिकीट लावून कार्यक्रम होत आहेत. यातल्या कशालाच माझा विरोध नाही. तक्रार एवढीच, की या सगळ्यांत जपला जातो तो गाणाऱ्याचा आवाज. या संगीताचा दुसरा अर्धा भाग, त्याला ओ देणारी मंडळी, कुणाच्याच यादीत नाही. आणि माझं ठाम मत आहे की गॉस्पेलची भावनिक म्हणा, आध्यात्मिक म्हणा, जी काही ताकद आहे ती त्या दुसऱ्या अर्ध्यात आहे.

'मंडळी' हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. मराठी ख्रिस्ती लोक चर्चमध्ये जमणाऱ्या समुदायाला मंडळीच म्हणतात आणि गॉस्पेलला सुवार्ता. चांगली बातमी. बातमीला सांगणारा लागतो तसा "खरं का?" म्हणून विचारणारा आणि "हो, खरंच!" म्हणून दाद देणाराही लागतो.

हे असं का झालं, ते समजायला थोडं मागे जावं लागतं. गुलामीच्या काळात दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं कायद्याने गुन्हा होता. पुस्तक हातात नाही, असतं तरी वाचता येत नाही. मग एकाने आयझॅक वॉट्स या इंग्रज स्तोत्रकाराच्या स्तोत्राची एक ओळ भराभर म्हणायची आणि बाकीच्यांनी ती संथ, लांब ओढून गायची. पद्धत मुळात ब्रिटनमधल्या चर्चांची, पण इथे तिचं रूप पालटलं. प्रत्येक जण आपापल्या वाटेने त्या ओळीतून जाई, कुणी खालून, कुणी वरून, कुणी शुद्ध आणि कोमल गंधाराच्या मधल्या जागेवर रेंगाळत. सगळे मिळून पोचत मात्र एकाच ठिकाणी. आफ्रिकेतून आलेली हाक-ओ देण्याची रीत त्यांच्याकडे होतीच. मालकाने ढोल काढून घेतले तिथे हातापायांनी ताल धरला. अशी शेकडो गाणी झाली आणि त्यांतल्या बहुतेकांच्या कर्त्यांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत. ही झाली स्पिरिच्युअल्स, गॉस्पेलची आई.

१८७१च्या ऑक्टोबरात नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातले नऊ विद्यार्थी ही गाणी घेऊन दौऱ्यावर निघाले. संस्था कर्जात बुडाली होती. त्यांच्यातले बहुतेक जण स्वतः गुलामीत जन्मलेले. बायबलमध्ये गुलामांना मोकळं करण्याचं जे ज्युबिलीचं वर्ष सांगितलं आहे, त्यावरून त्यांनी फिस्क ज्युबिली सिंगर्स हे नाव घेतलं. १८७३ मध्ये ते इंग्लंडच्या राणीसमोर गायले. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ती अर्पण केली. त्या मुलांना जोतीरावांचं नाव ठाऊक असण्याचं कारण नाही, जोतीरावांनी त्यांची गाणी ऐकली असण्याचाही संभव नाही. तरी ही दोन साल जुळताना पाहून मला दर वेळी भरून येतं.

फिस्कची मुलं स्थिर उभी राहून, घोटून बसवलेल्या सुरांत, टाळी न वाजवता गात. गोऱ्या श्रोत्यांसमोर ते तसंच करावं लागत होतं. त्या पैशातून विद्यापीठाची ज्युबिली हॉल ही इमारत उभी राहिली आणि विद्यापीठ तगलं. म्हणून रंगमंचावर गेलं की गाणं बाटतं, असं मी म्हणणार नाही. रंगमंचाने एक अख्खी शाळा वाचवली आहे. पण रंगमंचाने काय मागितलं, तेही तिथेच दिसतं. श्रोत्याने गप्प बसायचं, गाणाऱ्याने चुकायचं नाही.

आज आपण ज्याला गॉस्पेल म्हणतो ते याच्याही नंतरचं, आणि शहरातलं. साधारण १९१६ पासून पुढची पन्नासेक वर्षं सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिणेतून उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे निघून आली. शिकागोच्या कत्तलखान्यांत, पोलादाच्या कारखान्यांत कामाला लागली. इथल्या जुन्या, प्रतिष्ठित चर्चांमध्ये युरोपी पद्धतीचे संयत क्वायर, म्हणजे गायकवृंद, होते. गावाकडून आलेल्या माणसाला तिथे हुंदकाही गिळावा लागे. या नव्यांनी रिकाम्या दुकानांचे गाळे भाड्याने घेऊन त्यांत चर्च थाटली.

त्याच शिकागोत जॉर्जियाहून आलेला थॉमस डॉर्सी होता. बाप धर्मोपदेशक, मुलगा ब्लूज हे कृष्णवर्णीयांचं लौकिक संगीत वाजवणारा. 'जॉर्जिया टॉम' या नावाने तो ब्लूज गायिका मा रेनीच्या साथीला पियानो वाजवी आणि द्व्यर्थी, चावट गाणी रचून चांगले पैसेही मिळवी. १९३२च्या ऑगस्टमध्ये तो सेंट लुइसला एका धर्मसभेत वाजवायला गेला होता. तिथे तार आली. बायको, नेटी, बाळंतपणात गेली. घरी पोचला, तर पाठोपाठ बाळही गेलं. काही दिवसांनी पियानोपाशी बसून त्याने एका जुन्या स्तोत्राच्या चालीवर नवे शब्द बसवले. प्रभू, माझा हात धर, मी थकलोय, मला घरी ने, एवढंच मागणं. त्यात देवाला जाब नाही, तत्त्वज्ञानही नाही. चाल मात्र अशी, की प्रत्येक ओळीनंतर श्वास घ्यायला लागेल एवढी मोकळी जागा सुटते. ती जागा मंडळीची. डॉर्सीला ब्लूजमधून हे पक्कं माहीत होतं, की गाणाऱ्याने ओळ संपवली की पुढची दोन क्षणांची जागा गिटारची असते. चर्चमध्ये त्याने ती माणसांना दिली.

त्याचं हे संगीत प्रतिष्ठितांना अजिबात रुचलं नाही. दारूच्या गुत्त्यातला ताल देवाच्या दारात आणला म्हणून कित्येक चर्चांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. तरी १९३२ मध्येच पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चने त्याच्या हाती क्वायर सोपवला आणि पुढची कित्येक दशकं तो तिथेच राहिला. (आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी अहमदनगरच्या मिशनच्या परिसरात हेच केलं होतं. परक्या चालींतली भाषांतरित गाणी बाजूला सारून त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगात, ओवीत आणि कीर्तनात आणली. मंडळीच्या तोंडात आधीपासून जे आहे, त्यातच देव बोलला तर मंडळी ओ देते.)

आता माझ्याच काही मित्रांचा आक्षेप. ते विवेकवादी आहेत आणि त्यांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. ते म्हणतात, हे सगळं रडणं, डोलणं, बेभान होणं म्हणजे दुःखावरचं गुंगीचं औषध. परलोकात सुख मिळेल म्हणून इथला अन्याय सोसायचा. मालकांनाही हेच हवं होतं.

मालकांना हवं होतं, हे खरं. पण या गाण्यांनी त्यांचं ऐकलं नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सनचं जे गाणं घराघरांत पोचलं, त्यात आत्मा स्वर्गात पायरी-पायरीने वर चढत जातो. ते रचणारे मेम्फिसचे पाळक हर्बर्ट ब्रूस्टर यांनी पुढे उघड सांगितलं, की हे वर चढणं या जगातलंही होतं. आपल्या लोकांनी शिकावं, हक्क मिळवावेत, वर यावं. मेम्फिसमध्ये हे व्यासपीठावरून बोलणं धोक्याचं होतं. गाता येत होतं. आणि महालियाला वर चढण्याची किंमत माहीत होती. कोट्यवधी लोक तिचा आवाज ऐकत असताना तिने शिकागोच्या गोऱ्या वस्तीत घर घेतलं, तेव्हा त्याच्या खिडक्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या.

गुंगीच्या औषधाने माणूस एकटा पडतो. हे संगीत माणसाला एकटं पडू देत नाही. १९६१च्या हिवाळ्यात जॉर्जियातल्या ऑल्बनी गावात वर्णभेदाविरुद्ध विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला. नंतर सगळे एका चर्चमध्ये जमले. बर्निस जॉन्सन नावाच्या मुलीला (पुढे ती बर्निस जॉन्सन रेगन म्हणून मोठी संगीत-अभ्यासक झाली) गाणं सुरू करायला सांगितलं. एक जुनं गाणं तिच्या ओठांवर आलं, माझ्या डोक्यावर हवेत मला संकट दिसतंय, अशा अर्थाचं. ती 'संकट' म्हणायला गेली आणि त्या जागी 'स्वातंत्र्य' म्हणून बसली. मंडळीने तो नवा शब्द तिथल्या तिथे उचलला. कुणी ठराव केला नाही, सूचना मांडली नाही. पिढ्यान्‌पिढ्या हाकेला ओ देण्याची सवय असलेल्या लोकांना एक शब्द बदलला की सगळं कळतं. चळवळीत उतरण्याची तयारी त्यांच्या गळ्यात आधीच झालेली होती.

२८ ऑगस्ट १९६३ चं वॉशिंग्टन घ्या. मार्टिन ल्यूथर किंगच्या आधी महालिया गायली. मग तो लिहून आणलेलं भाषण वाचू लागला. किंगचे सहकारी क्लॅरेन्स जोन्स यांनी सांगितलं आहे, की मागून महालिया ओरडली, "मार्टिन, त्यांना स्वप्नाबद्दल सांग!" किंगने कागद बाजूला सारले. त्यानंतरचा भाग जगाला पाठ आहे. अडीच लाख लोकांसमोर, दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर, एका बाईने वक्त्याला मध्येच हाक दिली आणि त्याला त्यात काही गैर वाटलं नाही. दोघं त्या क्षणी चर्चमध्येच होते. ज्या भाषणाला आपण एका माणसाची प्रतिभा म्हणतो, त्याच्या वळणावर मागच्या बाकावरचा आवाज आहे. मला नेहमी वाटतं, की शाळेतल्या पुस्तकांत हे भाषण छापताना ती ओळही छापावी.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, कारण तो माझ्यावरच उलटतो. ताकद मंडळीत असेल, तर एकटीने रेकॉर्ड ऐकून डोळे का भरून येतात? जे कधी त्या चर्चची पायरी चढले नाहीत त्यांना हे कसं भिडतं?

भिडतं, हे निर्विवाद. १९३६ मध्ये कृष्णवर्णीय धर्मोपदेशक हॉवर्ड थर्मन आणि त्यांच्या पत्नी सू बेली बार्डोलीला गांधीजींना भेटायला गेले. गांधीजींनी त्यांना एक स्पिरिच्युअल म्हणायला सांगितलं, येशूला क्रुसावर चढवलं तेव्हा तुम्ही तिथे होता का, असं विचारणारं. १९५९ मध्ये किंग दांपत्य भारतात आलं, मुंबईत मणिभवनात राहिलं. किंगने परत गेल्यावर लिहिलं, की भारतीयांना ही गाणी इतकी आवडली की मी जेवढी भाषणं केली तेवढंच पत्नी कोरेटाला गावं लागलं. १९७१ मध्ये खुद्द महालिया भारतात येऊन गेली आणि दिल्लीच्या कार्यक्रमाला इंदिरा गांधी बसल्या होत्या. ऐकणाऱ्यांना त्या गाण्यांतलं बायबल अनोळखी असेल, हाक ओळखीची वाटली असणार.

मला वाटतं, चांगल्या रेकॉर्डमध्येही मंडळी असतेच. १९७२च्या जानेवारीत अरिथा फ्रँकलिनने लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री गाऊन जी गॉस्पेलची तबकडी केली, ती ऐकून पाहा. तेव्हा ती लोकप्रिय संगीतातली राणी होती, हवा तो स्टुडिओ तिला मिळाला असता. ती चर्चमध्ये गेली, कारण तिला क्वायर आणि बाकांवरचे लोक हवे होते. ओळीच्या मध्येच कुणी तरी "गा!" म्हणून ओरडतं आणि तिचा आवाज तिथून जिथे जातो, तिथे तो एकटा गेला नसता. ऐकताना आपण त्या बाकावर उसनी जागा घेतो. पण बाक असेल तरच जागा मिळेल ना?

आणि बाक रिकामे होत आहेत. शिकागोत ज्या वस्त्यांत हे संगीत जन्मलं तिथून लोक निघून चालले आहेत, लहान चर्चं बंद पडत आहेत. जी उरली त्यांतल्या कित्येक ठिकाणी चाळीस जणांच्या क्वायरच्या जागी चार गायक, चार माइक आणि पडद्यावर शब्द आले. पडद्यावर शब्द आले की हरवलेला शब्द गाऊन देणाऱ्या बाईचं काम संपलं. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वेगळीच गंमत. तिथे काही चर्चांबाहेर रविवारी पर्यटकांची रांग लागते, आणि प्रवचन चालू असताना उठून जाऊ नका, फोटो काढू नका, असं त्यांना सांगावं लागतं. त्या लोकांना मी दोष देत नाही. मीही पहिल्या दिवशी ऐकायलाच गेले होते. पण सज्जे पाहुण्यांनी भरले आणि खालचे बाक ओस पडले, तर काही वर्षांनी ऐकायला तरी काय उरेल?

जतनाचं काम करणाऱ्यांविषयी मला मनापासून आदर आहे. २००५ मध्ये रॉबर्ट डार्डन या प्राध्यापकांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लिहिलं, की गॉस्पेलच्या सुवर्णकाळातल्या तबकड्या आपल्या डोळ्यांदेखत नाहीशा होत आहेत. त्यातून टेक्ससच्या बेलर विद्यापीठात त्या शोधून, स्वच्छ करून, डिजिटल करण्याचा मोठा प्रकल्प उभा राहिला. हे व्हायलाच हवं होतं. डॉर्सीचं पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्च, जी इमारत १८९०-९१ मध्ये अॅडलर आणि सलिव्हन या वास्तुविशारदांनी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, म्हणून बांधली होती, ती २००६च्या जानेवारीत छताची दुरुस्ती चालू असताना जळाली. दगडी भिंती तेवढ्या राहिल्या. त्या जागी गॉस्पेल संगीताचं राष्ट्रीय संग्रहालय करायची योजना आहे. तेही व्हावं.

मात्र संग्रहालयासाठी ज्या उत्साहाने पैसा मागितला जातो, त्याच्या दशांशाने जरी तो क्वायरच्या तालमीसाठी मागितला, तरी या शहरातली डझनभर चर्चं गाती राहतील. सरकारने धर्माला पैसे देऊ नयेत, हा इथला नियम मला मान्य आहे. पण वस्तीतल्या मुलांना गाणं शिकवायला, ऑर्गन दुरुस्त करायला, उतारवयातल्या शिक्षकाला मानधन द्यायला कुठलाही धर्म आड येत नाही. कलेच्या संस्था, विद्यापीठं, या संगीतावर पिढ्यान्‌पिढ्या पैसा मिळवलेल्या रेकॉर्ड कंपन्या हे करू शकतात. रॉक, सोल, रिदम अँड ब्लूज, सगळ्यांनी या बाकांवरून उचललेलं आहे.

माझ्या त्या चर्चमध्ये तालीम गुरुवारी संध्याकाळी असते. गेल्या हिवाळ्यात पैशांअभावी मोठ्या दालनातला हीटर बंद ठेवला होता, म्हणून सगळे तळघरात स्वयंपाकघराशेजारी जमत होते. सतरा जण, त्यांत सहा मुलं. ज्या बाई शिकवतात त्या मुलांच्या हातात कागद देत नाहीत. एक ओळ म्हणतात, मुलं मागून म्हणतात. एक आठेक वर्षांची मुलगी पहिल्यांदाच आली होती. तिची टाळी पहिल्या मात्रेवर पडत होती, सगळ्यांच्या उलट. बाईंनी तिला थांबवलं नाही. तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, तिच्या खांद्यांवर हात ठेवून तिला डावीकडे-उजवीकडे हलकेच डोलवू लागल्या, आणि ओळ पुन्हा म्हटली, आणि पुन्हा, आणि पुन्हा. बाकी सोळा जण न कंटाळता तीच ओळ गात राहिले. अकराव्या की बाराव्या खेपेला तिची टाळी जागेवर आली. मागून निवृत्त बसवाले म्हणाले, "आता कसं!"

मीही म्हटलं. त्या चर्चमध्ये आता माझ्या तोंडून आपसूक येतं.